मोटिफ की डोमेन? आधी कॅल्मोड्युलिन फिरवून बघ

प्रोटीनमधला तुकडा मोटिफ (वारंवार दिसणारा छोटा नमुना) की डोमेन (स्वतंत्रपणे घडी घालणारा भाग), हे कसं ओळखायचं असं विचारलंस म्हणून सांगते. व्याख्या घोकत बसू नकोस. ठाणे-पनवेल लोकलमध्ये खारघर येईपर्यंत त्या पाठ होतील आणि व्हायव्हात नेमक्या आठवणार नाहीत. त्यापेक्षा दर वेळी स्वतःला विचार: हा तुकडा प्रोटीनपासून वेगळा काढला, तर एकटा नीट घडी घालून टिकेल का? टिकत असेल तर बहुधा डोमेन.

कॅल्मोड्युलिन घे, म्हणजे पेशीतलं कॅल्शियम पकडणारं प्रोटीन. त्यात 4 ईएफ-हँड असतात. हेलिक्स (मळसूत्री भाग), लूप (वळण), हेलिक्स अशी रचना, आणि 12 अमिनो आम्लांच्या लूपमध्ये कॅल्शियम बसतं. हा झाला मोटिफ. पण ते जोडीनं नांदतात. दोन ईएफ-हँड मिळून एक डोमेन होतं. पीडीबीवर, म्हणजे प्रोटीनच्या रचनांच्या ऑनलाइन संग्रहात, कॅल्मोड्युलिनची 1सीएलएल (1CLL) ही नोंद उघड आणि माउसनं फिरव. दोन टोकांना दोन गोळे, मध्ये लांबलचक हेलिक्स. ते इतकं सरळ स्फटिकात दिसतं बरं का, द्रावणात मध्येच लवचीक असतं.

सिक्वेन्स मोटिफ, म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमातले नमुने, मात्र फसवे. एन-ग्लायकोसिलेशनचंच (प्रोटीनला साखर जोडण्याचं) बघ: अ‍ॅस्पॅराजीन, मग प्रोलीन सोडून काहीही, मग सेरीन किंवा थ्रिओनीन. एवढंसं काय, योगायोगानंही सापडतं! सापडलं म्हणून तिथे साखर लागलीच असं लिहू नकोस. साखर जोडायचं काम एक एन्झाइम ईआरच्या (पेशीतल्या एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या) आत करतं. सायटोसोलमधल्या (पेशीतल्या द्रवातल्या) प्रोटीनची त्या एन्झाइमशी गाठच पडत नाही.

पीफॅम हा प्रोटीन-कुटुंबांचा आणि डोमेनचा संग्रह आता इंटरप्रो या वेबसाइटवरच मिळेल. ई-व्हॅल्यू (असं साम्य निव्वळ योगायोगानं किती वेळा सापडेल तो आकडा) बघितल्याशिवाय वहीत काही उतरवू नकोस.