‘लवाद’ म्हणावं की ‘न्यायाधिकरण’?

एका वाचकाने विचारलंय : ‘कृष्णा पाणीतंटा लवाद’ असं पेपरात नेहमी येतं. पण लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी राजीखुशीने मानलेला तिऱ्हाईत ना? कृष्णेसाठी तर केंद्राने न्यायाधीश बसवले. मग ‘न्यायाधिकरण’च म्हणायला नको का?

कायद्याच्या भाषेत बोलायचं तर शंका रास्त आहे. 1956 च्या आंतरराज्य नदी पाणीतंटा कायद्यातली वाट अशी : एखाद्या राज्याने तक्रार करायची, केंद्राने आधी बोलणी लावून पाहायची, ती फसली की न्यायाधिकरण नेमायचं. सदस्य सरन्यायाधीश नामनिर्देशित करतात. समोरच्या राज्याची संमती कुणी विचारत नाही. निवाडा एकदा राजपत्रात छापला गेला की त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं वजन येतं. (छापला गेला की, हे महत्त्वाचं. कृष्णेच्या दुसऱ्या, म्हणजे ब्रिजेशकुमार न्यायाधिकरणाने निवाडा 2010 मध्ये दिला आणि छापण्यालाच 2011 मध्ये स्थगिती मिळाली.) यात राजीखुशी कुठे आली?

लवादामागे संमती हवी, ही समज आपल्याकडे जुनीच आहे. मराठेशाहीत वाद पंचांपुढे नेताना वादी-प्रतिवादी आधी ‘राजीनामा’ लिहून देत : पंच ठरवतील ते आम्हांस मान्य. पुढे हरलेल्याकडून ‘यजितखत’, म्हणजे हार मान्य असल्याचा कागद, घेत. राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. आज तो शब्द आपण नोकरी आणि मंत्रिपद सोडण्यापुरता ठेवलाय, त्याला इलाज नाही.

तरीही मी पेपरवाल्यांना चूक म्हणणार नाही. कारण ‘लवाद’ या शब्दाने संमतीची अट कधीच सोडली आहे, आणि ती खुद्द सरकारी दप्तरात. राष्ट्रीय महामार्गात जमीन गेलेल्या कुणाही शेतकऱ्याला विचारा. मोबदला कमी वाटला तर तो अर्ज करतो ‘मा. जिल्हाधिकारी तथा लवाद’ यांच्याकडे. हा लवाद केंद्र सरकार नेमतं. शेतकऱ्याने त्याला निवडलेलं नसतं. बांधावर उभं राहून तो म्हणतो, ‘माझं प्रकरण लवादात हाय.’ म्हणजे लवाद हा माणूसही झाला, आणि ‘कोर्टात’सारखं ठिकाणही.

शिवाय नदीच्या पाण्यात राजीखुशी अगदीच नसते असंही नाही. गोदावरीचं उदाहरण घ्या. कृष्णेच्या पहिल्या न्यायाधिकरणाचे अध्यक्ष न्यायमूर्ती बच्छावत होते; तिथेही त्यांच्याच अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण होतं. पण सुनावणी चालू असतानाच राज्यांनी 1975 मध्ये आपसात करार केले आणि 1980 चा निवाडा बराचसा त्या करारांवरच उभा राहिला. पैठणच्या वरचं पाणी महाराष्ट्राचं, हे त्यातलंच. नावाने न्यायाधिकरण, पण वागणूक जुन्या लवादाची.

त्याच गोदावरीवर खाली नांदेड जिल्ह्यात बाभळीचा बंधारा आहे, आणि तिथला मामला उलटा. आंध्र प्रदेश थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 2013 च्या निकालाप्रमाणे 1 जुलैला बंधाऱ्याचे दरवाजे वर घ्यायचे ते 28 ऑक्टोबरपर्यंत खाली टाकायचे नाहीत, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खाली सोडायचं. देखरेखीला तिघांची समिती : दोन राज्यांचा एकेक आणि केंद्रीय जल आयोगाचा एक. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा चौदाच्या चौदा दरवाजे उघडे, हे पाहताना धर्माबादकडच्या माणसाला काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको. याला मात्र लवाद म्हणू नये. हा कोर्टाचा निकाल.

तेव्हा माझं उत्तर : अर्जात, ठरावात, कायद्याच्या लेखात ‘न्यायाधिकरण’ लिहा. बातमीत आणि बोलण्यात ‘लवाद’ खुशाल चालू द्या. सहा अक्षरांपेक्षा तीन बरी.

खटकायचं असेल तर दुसरं खटकावं. हल्ली भाषांतराच्या यंत्रातून ‘बच्छावत पुरस्कार’ असं बाहेर पडतं. इंग्रजीत ‘अवॉर्ड’ दिसला की शाल-श्रीफळ आलंच! त्यासाठी आपल्याकडे ‘निवाडा’ आहे, आणि तो ‘निवडणे’च्याच घरातला. घरी तांदूळ निवडताना सुपात वेगवेगळे ढीग करतात, तसंच बच्छावतांनी कृष्णेचं केलं. शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी खात्रीने मिळेल असं पाणी 2060 टीएमसी धरलं, आणि ढीग पाडले : महाराष्ट्र 560, कर्नाटक 700, आंध्र 800. शेतातून झिरपून नदीला परत येणाऱ्या पाण्याचा हिशेब त्यावर वेगळा. याला पुरस्कार म्हणणाऱ्याने सांगावं, तो तिघांपैकी कुणाला मिळाला?