पुस्तकाचा चार्ज

“मॅडम, पुस्तक डोक्यात तयार आहे. फक्त बसायला वेळ मिळत नाही.”

हे वाक्य लिहिणं अडलंय म्हणून माझ्याकडे येणाऱ्या निरनिराळ्या माणसांच्या तोंडून मी ऐकलंय. निवृत्त होऊन तीन वर्षं झालेल्या एका गृहस्थांनीही अगदी हेच म्हटलं, तेव्हापासून मी त्यातल्या ‘वेळ’ या शब्दापाशी जरा थांबते.

आज ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या परिचारिका आहेत. 22 वर्षं अतिदक्षता विभागात काम केलेल्या. त्यांच्या परवानगीने लिहितेय आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना रात्रपाळीबद्दल पुस्तक लिहायचं होतं. आजाराबद्दल नाही, रात्रीबद्दल: तीन वाजता माणसं काय बोलतात, नातेवाईक बाकावर कसे झोपतात, कोण कशासाठी हाक मारतं. ऐकता ऐकता मलाच ते पुस्तक हवंसं वाटायला लागलं.

पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या. ‘पहाटे पाचला उठून लिहा’ हा सल्ला त्यांना अनेकांनी दिला होता. जी बाई पहाटे पाचला सलाईन बदलत असते, तिला हा सल्ला देऊन काय उपयोग? त्यांना मात्र तो आपल्यातलाच दोष वाटत होता. “माझ्यात शिस्तच नाही,” असं त्यांनी पहिल्या भेटीत चार वेळा म्हटलं.

मी त्यांना 21 दिवसांची नोंद ठेवायला सांगितली, म्हणजे दिवस, दुपार, रात्र अशा तिन्ही पाळ्या त्यात येतील. लिहायला कधी बसलात, किती वेळ, आणि त्या वेळात नेमकं काय केलंत, एवढंच टिपायचं. नोंद आली ती बघून आम्ही दोघीही गप्प झालो. त्या 9 वेळा बसल्या होत्या, मिळून 5 तास 40 मिनिटं. नवा मजकूर झाला होता दीड पान. उरलेला सगळा वेळ पहिलं पान वाचण्यात आणि सुधारण्यात गेला होता.

त्या वही घेऊन आल्या होत्या. पहिलं पान अकरा वेळा लिहिलेलं. पहिल्या वाक्यात एकदा ‘काळोख’, मग ‘अंधार’, मग ‘तिमिर’, मग परत ‘काळोख’. मी विचारलं, “हा ‘तिमिर’ कुणासाठी?”

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दादा वाचेल ना.”

मोठा भाऊ. घरातला शिकलेला, चांगलं बोलणारा. लहानपणी बहिणीच्या निबंधातल्या चुका सगळ्यांसमोर वाचून दाखवणारा. तो वाईट माणूस नाही, हे त्यांनी मला दोन-तीनदा सांगितलं. पण वही उघडली की तो शेजारी येऊन बसायचा. माझ्या अनुभवात ‘लक्ष लागत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं लक्ष लागलेलं असतंच, फक्त ते मजकुरावर नसतं, आपल्याला नावं ठेवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं.

म्हणून आधी वाचक बदलला. मी विचारलं, हे पुस्तक कुणाला द्यावंसं वाटतं? उत्तर लगेच आलं: “पहिल्यांदा एकटीने रात्रपाळी करणाऱ्या पोरीला.” मग तिलाच सांगा, म्हटलं. ‘तू’ म्हणून. ‘तिमिर’ आपोआप गेला.

राहिला प्रश्न वेळेचा. त्यांनी मागे एकदा लिहिण्यासाठी आठ दिवसांची रजा काढली होती आणि त्या आठ दिवसांत घरातली सगळी कपाटं आवरली होती. याची त्यांना फार लाज वाटत होती. मला त्यात नवल वाटलं नाही. मोठा मोकळा वेळ हाताशी आला की अख्खं पुस्तक अंगावर येतं, आणि ‘वेळ नव्हता’ ही सबबही उरत नाही. कपाट निदान संध्याकाळपर्यंत लावून होतं.

मग घड्याळाचा नाद सोडून आम्ही प्रसंगाला धरलं. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात मांडलेली ‘अमुक झालं की तमुक करीन’ ही पद्धत मला प्रत्यक्ष कामात खूप उपयोगी पडते. नुसतं ‘या महिन्यात लिहीन’ म्हटलं की प्रत्येक वेळी नव्याने ठरवावं लागतं. प्रसंगाला बांधलं की ते ठरवणं वाचतं. त्यांचं असं ठरलं: रुग्णालयात अर्धा तास आधी पोचायचं. सकाळी बाह्यरुग्ण विभाग उघडलेला नसतो, रात्री बंद झालेला असतो. तिथल्या रिकाम्या बाकावर बसलं की वही काढायची. दुपारपाळीला तिथे गर्दी असते, तेव्हा घरून निघण्याआधी. फोन पर्समध्ये, पर्स बाकाखाली.

पाळी संपल्यावरची वेळ आम्ही मुद्दाम टाळली. सोफी लरॉय यांच्या 2009 च्या संशोधनात दिसलं होतं की एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना मनाचा काही भाग पहिल्या कामातच रेंगाळतो, विशेषतः ते अर्धवट राहिलं असेल तर. अतिदक्षता विभागातून घरी आलेल्या बाईला हे सांगायला संशोधन कशाला हवं? “शरीर घरी, कान मॉनिटरवर,” त्या म्हणाल्या.

पण पंचवीस मिनिटांत आधीचा धागाच सापडत नाही, ही त्यांची तक्रार खरी होती. दहा मिनिटं ‘कुठे होते मी’ यातच जायची. यावर तोडगा त्यांनीच काढला, आणि तो मी आता इतरांनाही सांगते. मी सहज विचारलं होतं, पाळी बदलताना अख्ख्या पाळीचं सगळं पुढच्या सिस्टरला कसं कळतं? त्या हसल्या. “चार्ज देतो ना आम्ही. काय झालं, काय बाकी आहे, आधी काय बघायचं.” आणि मग स्वतःच थांबल्या.

तेव्हापासून प्रत्येक बैठकीची शेवटची दोन मिनिटं चार्ज द्यायला. वहीच्या उजव्या कोपऱ्यात दोन ओळी, उद्याच्या स्वतःसाठी. मागचं पान वाचायचं नाही, फक्त त्या दोन ओळी वाचून सुरुवात. सुधारणा महिन्यातून एकदा, वेगळ्या रंगाच्या पेनाने.

हिशेबही मांडला. दोनशे पानांचं पुस्तक म्हणजे साधारण 50,000 शब्द. एका बैठकीत 250 शब्द धरले तर 200 बैठका. आठवड्याला चार जमल्या तर वर्षभरात कच्चा खर्डा. तो आकडा ऐकून त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले.

सरळ झालं असं नाही. चौथ्या महिन्यात त्यांच्या आई आजारी पडल्या आणि सात आठवडे वही बंद राहिली. मला वाटलं होतं, पुन्हा ‘माझ्यात शिस्त नाही’पासून सुरुवात होणार. त्या आल्या तेव्हा म्हणाल्या, “वही उघडली, चार्ज वाचला, बसले.” मी दाखवा म्हटलं. कोपऱ्यात, सात आठवड्यांपूर्वीच्या तारखेखाली, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं:

‘सात नंबरचे आजोबा. खिशातला कंगवा. रात्री दोनला भांग पाडून मागितला, ते आधी घे. मुलगा येणार होता ते नंतर.’