दोन उतारे सोबत वाचताना

पोरी, दोन इंग्रजी उताऱ्यांची तुलना करायच्या प्रश्नाचं तुझं उत्तर वाचलं. पहिल्या उताऱ्यावर दीड पान, मग दुसऱ्यावर दीड पान. ही तुलना नाही झाली. प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा घे आणि दोन्ही उताऱ्यांना त्यावर बोलतं कर.

घरी कपाशीच्या फवारणीच्या औषधाचं माहितीपत्रक असेलच, त्यातला इंग्रजी भाग काढ. सोबत बोंडअळीवरची इंग्रजी पेपरातली बातमी ठेव. पत्रकात सगळी क्रियापदं आज्ञार्थी: 'वेअर', 'वॉश', 'डू नॉट'. वाचणारा पाठीवर पंप घेऊन उभा आहे, असं धरून ते लिहिलेलं असतं. डब्यावरचा लाल त्रिकोण, म्हणजे सर्वांत विषारी गट, हाही मजकूरच समज. बातमीत मात्र भूतकाळ, कर्मणी प्रयोग आणि जागोजागी 'अधिकाऱ्यांनी सांगितलं'. 'इथे पॅसिव्ह आहे' एवढ्यावर थांबू नको गं! कर्ता गाळल्यामुळे जबाबदारीतून कोण सुटतं, ते लिही. खरा अभ्यास तिथंच आहे.

साम्यही शोध. आपल्याकडची मुलं नुसते फरक मोजत बसतात. मुद्दे आधी मराठीत काढलेस तरी चालेल, यवतमाळला शिकताना मी तेच करायचो.