काऊबॉय जीन्सवरून चामड्याचं जे बांधतात त्याला 'चॅप्स' का म्हणतात?

तुम्ही विचारलंय की ह्या चॅप्सचा आणि 'ओल्ड चॅप' म्हणतात त्यातल्या चॅपचा काही संबंध आहे का. काडीचाही नाही. तो चॅप म्हणजे चॅपमन, जुन्या इंग्रजीतला फेरीवाला, त्याचं आखूड केलेलं रूप.

आणि तिकडे उच्चार बहुतेक शॅप्स असाच करतात. मी टेक्सासला असताना एका खोगिरांच्या दुकानात ऐटीत चॅप्स म्हणालो, तर काउंटरवरचे आजोबा गालातल्या गालात हसले आणि "शॅप्स तिकडे" म्हणून भिंतीकडे बोट दाखवलं.

शब्द मेक्सिकोच्या स्पॅनिशमधला, चापारेरास. त्यातलं चापारो म्हणजे ओकचं खुरटं झुडूप, आणि हे चापारो बहुधा आलं बास्क भाषेतून, तिथे अर्थ छोटी झुडपांची जाळी. मेक्सिकोत आजही बुटबैंगण माणसाला चापारोच म्हणतात! म्हणजे चापारेरास ही झुडपात शिरताना घालायची वस्तू झाली. कॅलिफोर्नियातल्या झुडपी रानाला चॅपरल म्हणतात तेही ह्याच घरातलं.

आता झुडपात शिरायचंच कशाला, तर तिकडचे गुराखी म्हणजे वाकेरो, त्यांचं जनावर उधळून रानात घुसलं की घोडा मागे घालावाच लागायचा, आणि दक्षिण टेक्सासचं रान म्हणजे निवडुंग आणि मेस्किट, हे मेस्किट आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण, काटे तसेच, त्यामुळे मांड्या सोलून निघणार हे ठरलेलं. आधी ते खोगिराच्या पुढे दोन्ही बाजूंना कातडी लटकवायचे, त्याला आर्मास म्हणत, नंतर तीच कातडी पायाला बांधायला लागले. टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोतच होतं, त्यामुळे गोऱ्या काऊबॉयनी कामासोबत शब्दही उचलले. रँच, रोडिओ म्हणजे काऊबॉयांच्या कसरतींचा खेळ, लॅरिएट म्हणजे फासाचा दोर, सगळे तिथलेच, आणि वाकेरोचं तर चक्क बकारू करून टाकलं.

प्रकार बरेच आहेत. नळीसारखे घट्ट ते शॉटगन, पसरट ते बॅटविंग, मोंटाना-वायोमिंगच्या थंडीत लोकरीसकट कातड्याचे वुलीज. बूड मात्र कशालाच नसतं, कारण तिथे खोगीर असतंच ना.

मी भिंतीवरचा एक जोड कमरेला लावून बघितला. एवढं जाडजूड चामडं आणि पुढे बांधायला एक बारीकशी वादी! म्हटलं ही तुटेल की. आजोबा म्हणाले, तुटायलाच पाहिजे, घोडा उसळला आणि ती खोगिराच्या खुंटीत अडकली तर वादी तुटलेली बरी, नाहीतर तू तिथेच लटकशील.