रोमानियातल्या छोट्या गावच्या फुटबॉल क्लबचा इतिहास लावताना नावं आणि वर्षं जुळत नाहीत, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोमानियाच्या खालच्या लीगमधल्या एका गावच्या क्लबचा इतिहास लावायला घेतलाय, पण दर काही वर्षांनी नाव बदलतं, मधलाच एखादा हंगाम गायब होतो, ‘डिव्हिझिया सी’ म्हणजे कितवी पायरी ते कळत नाही, आणि शेवटी हा एक क्लब धरायचा की तीन, हेही ठरत नाही.

क्लबच्या नावामागे धावू नका. पैसे कोण देत होतं ते शोधा. सरळ पाच रकान्यांचा तक्ता करा: हंगाम, त्या हंगामातलं नाव, पायरी, पोशिंदा, मैदान. चौथा रकाना बदलला की साधारण वर्षा-दोन वर्षांत दुसराही बदलतो, आणि बऱ्याचदा तिसराही.

आधी हंगामाचा घोळ निस्तरा. १९५० ते १९५६ या काळात रोमानियात सोव्हिएत पद्धतीने वसंत ते शरद, म्हणजे एकाच कॅलेंडर वर्षात स्पर्धा व्हायची. त्यामुळे ‘१९५४’ हा पूर्ण हंगाम आहे, त्याला १९५४–५५ करू नका. पुढे १९५७–५८ पासून शरद ते वसंत चालू झालं. पायऱ्यांचंही तसंच. ए, बी, सी या वरच्या तीन पायऱ्या आणि त्याखाली जिल्हा स्पर्धा, जिला बराच काळ ‘डी’ म्हणत. २००६ साली यांचीच नावं लीगा १, २, ३, ४ झाली. म्हणजे १९७७ मधला ‘सी’ आजच्या लीगा ३ च्या पायरीवर बसतो, पण त्याचे डझनभर गट असत, हे विसरलात तर ‘तिसऱ्या विभागाचा विजेता’ असं काहीतरी भलतंच भारदस्त लिहून बसाल.

आता नावं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लबांना कामगार-संघटनांच्या आणि सरकारी खात्यांच्या क्रीडा मंडळांची नावं लावली गेली. लोकोमोतिवा म्हणजे रेल्वे, फ्लामुरा रोशिए म्हणजे कापडगिरण्या, रेकोल्ता म्हणजे शेती, वोइन्त्सा म्हणजे सहकारी संस्था, श्तीइन्त्सा म्हणजे विद्यार्थी, दिनामो म्हणजे गृहखातं. राजधानीतला रापिद तेव्हा लोकोमोतिवा झाला आणि प्लोएश्तीचा आजचा पेट्रोलुल तेव्हा फ्लाकारा होता. तुमच्या गावात एकाच वर्षी ‘रेकोल्ता’ आणि ‘वोइन्त्सा’ दोन्ही दिसले तर ते नामांतर नाही, दोन वेगळे संघ आहेत.

इथे मोरेनीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. दिंबोवित्सा जिल्ह्यातलं हे तेलाचं गाव. १९२९ मध्ये इथल्या १६० क्रमांकाच्या विहिरीला आग लागली, ती १९३१ पर्यंत, दोन वर्षांहून जास्त धगधगत राहिली. क्लबचं नाव फ्लाकारा, म्हणजे ज्वाला. ते वाचून कोणीही ‘त्या आगीवरून नाव पडलं’ असं लिहून मोकळा होईल. पण फ्लाकारा हे तेल कामगारांच्या क्रीडा मंडळाचंही नाव होतं, म्हणून नुसत्या नावावरून निष्कर्ष काढू नका. पुढे त्याच नावाला ‘आउतोमेकानिका’ चिकटलेलं दिसतं. तो गावातला चिलखती गाड्यांचा कारखाना, म्हणजे चौथा रकाना भरला.

याच मोरेनीला १९७७–७८ च्या ‘सी’ मध्ये जो फटका बसला, तो रोमानियन फुटबॉलमधला सगळ्यात कुप्रसिद्ध निकाल असावा. गटात बढती एकालाच, आणि शर्यतीत दोघे: फ्लाकारा मोरेनी आणि स्कोर्निचेश्तीचा वीतोरुल. स्कोर्निचेश्ती हे ओल्त जिल्ह्यातलं, रोमानियाचे तेव्हाचे हुकूमशहा निकोलाए चाउशेस्कूंचं जन्मगाव. प्रश्न गोलफरकाचा होता. शेवटच्या दिवशी वीतोरुलने एलेक्त्रोदुल स्लाटिनाला १८–० हरवलं. स्लाटिना हे त्याच ओल्त जिल्ह्याचं मुख्यालय, यातच काय ते समजा. वीतोरुल ‘बी’ मध्ये गेला, एका हंगामात तिथूनही वर चढला आणि १९७९ पासून अव्वल विभागात एफ. सी. ओल्त या नावाने खेळू लागला. १९८१–८२ मध्ये चौथा आला.

पण हा संघ नुसता वशिल्याचा होता असं लिहिलंत तर तेही अर्धवट होईल. पुढे राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झालेला विक्टर पित्सुर्का इथे खेळला. दान पेट्रेस्कू १९८६–८७ चा हंगाम बुखारेस्टच्या स्तेआउआ क्लबकडून उसना म्हणून इथेच होता. वशिल्याने मैदान मिळतं, चांगले खेळाडू मिळतात, आणि मग ते चांगलं खेळतातसुद्धा. एक बारकावा: स्कोर्निचेश्तीला शहराचा दर्जा मिळाला १९८९ मध्ये. त्यामुळे त्या जवळजवळ सगळ्या दशकासाठी ‘छोट्या शहराचा क्लब’ न लिहिता गावचा क्लब लिहा.

मोरेनीने बदला घेतला तो सावकाश. १९८६ मध्ये अव्वल विभागात, १९८८–८९ मध्ये चौथा क्रमांक, आणि त्या जोरावर युएफा कपात पोर्तुगालच्या पोर्तोशी गाठ. दोन्ही सामने गेले, ०–२ आणि १–२, पण युरोपात खेळायला मिळालं ते मोरेनीला, एफ. सी. ओल्तला कधीच नाही. १९८९ च्या डिसेंबरात चाउशेस्कूंची राजवट कोसळली. हिवाळी सुट्टीतच एफ. सी. ओल्त आणि बुखारेस्टचा व्हिक्टोरिया यांना स्पर्धेबाहेर काढलं. मोरेनीही त्या हंगामाअखेर खाली गेला.

तुमच्या तक्त्यात हंगाम ‘गायब’ होतो तो बहुधा असाच. रोमानियात मोसम दोन तुकड्यांत असतो, शरदातला ‘तुर’ आणि वसंतातला ‘रेतुर’, मध्ये लांब हिवाळी सुट्टी. पैसे संपलेले क्लब त्याच सुट्टीत मरतात. मग एक तर त्यांचे उरलेले सामने प्रतिस्पर्ध्यांना ३–० दिले जातात, नाही तर आधीचे निकालच पुसले जातात. शेवटच्या तक्त्यात कोण किती सामने खेळलं ते मोजा, म्हणजे दोन्हींपैकी काय झालं ते कळेल. सलग ३–० दिसले की ते खेळून झालेले पराभव म्हणून मोजू नका.

१९९० नंतर चौथ्या रकान्यात कारखान्याच्या जागी खासगी मालक किंवा नगरपालिका येते. मालकाचं ठळक उदाहरण उर्झिचेनी: बुखारेस्टपासून साधारण ६० किलोमीटरवरचं, पंधरा-सोळा हजार वस्तीचं गाव. १९५४ चा उनिरेआ क्लब, दुमित्रू बुक्शारू यांचा पैसा, प्रशिक्षक तोच स्कोर्निचेश्तीत खेळलेला पेट्रेस्कू. २००८–०९ मध्ये देशाचे विजेते. चॅम्पियन्स लीगमध्ये ग्लासगोला जाऊन रेंजर्सला ४–१ हरवलं आणि गटात ८ गुणांसह तिसरे आले. मग खेळाडू विकले गेले, २०११ मध्ये संघ खाली घसरला आणि क्लबच बंद झाला. गावात नंतर पुन्हा संघ उभा राहिला, पण तळापासून.

नगरपालिकेचे क्लब आद्याक्षरांवरून ओळखा: सी.एस.एम. म्हणजे मोठ्या शहराचा, सी.एस.ओ. म्हणजे लहान शहराचा. ए.सी.एस. म्हणजे नोंदणीकृत संस्था, एस.सी. म्हणजे कंपनी.

शोधताना स्पेलिंगचा फार त्रास होतो. रोमानियनमध्ये ‘श’ आणि ‘त्स’ ही अक्षरं एस आणि टी खाली स्वल्पविराम देऊन लिहितात. जुन्या फॉन्टमध्ये तिथे सेडिला, म्हणजे अक्षराला चिकटलेली शेपटी, असते, आणि बरेच लोक काहीच देत नाहीत. प्रत्येक नाव तिन्ही प्रकारे शोधा. शिवाय १९५३ ते १९९३ च्या मधल्या छापील मजकुरात टोपीवाल्या ‘ए’ ऐवजी टोपीवाला ‘आय’ असतो. दिंबोवित्सा किंवा तर्गोविष्टे आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर त्या काळातलं जवळजवळ काहीच हाती लागणार नाही. १९६७ ते १९८९ साठी ‘स्पोर्तुल’ हे दैनिक धरा. १९९० पासून तेच ‘गाझेता स्पोर्तुरिलोर’.

लीगा ४ साठी आणखी एक रकाना लागेल. ४१ जिल्हे आणि बुखारेस्ट आपापली स्पर्धा घेतात, आणि जिल्हा जिंकला तरी वर जायला दुसऱ्या जिल्ह्याच्या विजेत्याशी ‘बराज’ खेळावा लागतो. म्हणून ‘जिल्हा विजेता’ आणि ‘बढती’ वेगळं नोंदवा.

राहिला प्रश्न एक क्लब की तीन. गाव, रंग आणि मैदान तेच असलं म्हणून जुनी जेतेपदं नव्या क्लबची होत नाहीत. जेतेपदांच्या यादीला तिकडे ‘पाल्मारेस’ म्हणतात, आणि क्रायोव्हा शहरात ती कोणत्या क्लबची यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं. जुनी संस्था विसर्जित झाली का, आणि नव्या संस्थेने नाव-चिन्ह कायदेशीर घेतलं का, एवढं बघा. दोन्हींचा कागद मिळत नसेल तर तक्त्यात त्या जागी आडवी रेघ मारा आणि खाली नवा क्लब म्हणून सुरुवात करा.