भांगातली पांढरी रेघ

"मॅडम, डाय बंद केला तर मी आजारी दिसेन. लोक विचारतील, घरी काय झालं का?"

सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका ताईंचं हे पहिलं वाक्य. वय ४९, शाळेत शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) दर तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी जुना गाऊन घालून केस काळे करायच्या. वर्षभर टाळूला खाज होती, गेल्या खेपेला पापण्याही सुजल्या. मिरजेच्या त्वचेच्या डॉक्टरांनी डाय कायमचा बंद करायला सांगितलं होतं.

त्यावर त्यांनी काळ्या मेंदीची पाकिटं आणून ठेवली होती. ती मी आधी बाजूला ठेवायला लावली. डायमधलं पीपीडी हे रसायन बऱ्याच काळ्या मेंदीतही असतं आणि त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते.

मग विचारलं, "पांढरे केस म्हटलं की कुणाचा चेहरा समोर येतो?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आईचा." वडील गेले तेव्हा आई ३८ वर्षांची. वर्षभरात तिचं डोकं पांढरं झालं. नववीतल्या मुलीनं मनाशी गाठ बांधली, पांढरे केस म्हणजे दुःख. नवऱ्याचे केस पिकून दहा वर्षं झाली, त्यांना कुणी काही विचारलं नाही. पण या मात्र आरशात भांग पाहिला की धास्तावायच्या.

अशा वेळी "वय लपवू नका" असा उपदेश मी करत नाही. ज्यांना रंग सोसतो आणि आवडतो, त्यांनी खुशाल लावावा. इथे प्रश्न भीतीचा होता. मी दोन कामं दिली: पांढऱ्या केसांबद्दल नवऱ्याला थेट विचारायचं आणि तासगावला आईकडे जाऊन यायचं.

मधले महिने अवघड जातात, हेही आधीच सांगितलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे खांद्यापर्यंतचे केस पूर्ण आपल्या रंगाचे व्हायला दोन-अडीच वर्षं. त्यांनी कानापर्यंत कापून घेतले.

नवरा म्हणाला होता, "मला वाटायचं, तुला आवडतं म्हणून लावतेस."

आणि आई? हे सांगताना ताई हसत होत्या, डोळे भरलेले. आई म्हणाली होती, "दुःखानं कुठलं गं पांढरं व्हतंय? माझं तिशीतच पिकलेलं. तुझे अण्णा कलप आणून द्यायचे. ते गेल्यावर तुमच्या फिया भरू का कलप आणू?"

त्या दिवशी आईनं तासगावच्या अंगणात लेकीच्या डोक्याला तेल लावलं. खाज थांबलीय का, तेवढं मात्र दोनदा विचारलं.