आरोग्य प्रश्नोत्तरे : दोन वर्षांचा ‘गॅस’ आणि न पाहिलेले जठर

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार. माझे वय ५४ असून मी शिक्षिका आहे आणि इंदुरात रामबागेत राहते. गेली दोन वर्षे बेंबीच्या वर, छातीच्या हाडाच्या खाली जळजळ होते आणि आतून कुरतडल्यासारखे दुखते. पुष्कळदा रात्री दोन-अडीचच्या सुमारास त्यामुळे जाग येते. दोन बिस्किटे खाल्ली की दुखणे थांबते. सोनोग्राफी दोनदा झाली, दोन्ही वेळा नॉर्मल आली. एका दवाखान्यात ‘गॅस आहे, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून पँटोप्रॅझोल ही आम्ल कमी करणारी गोळी दिली. गोळी चालू असेपर्यंत बरे वाटते, बंद केली की पंधरा दिवसांत त्रास परत येतो. सकाळचे पोहे-जिलबी, सेव, सराफा बाजारातले खाणे सगळे सोडले, तरी फरक नाही. गुडघे दुखतात म्हणून आठवड्यातून चार-पाच दिवस डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेते, ती मेडिकलवरून आणते. अलीकडे रक्ततपासणीत एच. पायलोरी या जठरातल्या जिवाणूच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या, तेव्हा दुर्बिणीची गरज नाही, सरळ अँटिबायोटिक्सचा कोर्स घ्या, असा सल्ला मिळाला. मी काय करावे? हिमोग्लोबिन ९.४ आल्याने लोहाच्या गोळ्याही चालू आहेत. पाळी जाऊन चार वर्षे झाली.

उत्तर : ताई, हिमोग्लोबिनचा उल्लेख आपण पत्राच्या शेवटी, जाता जाता केला आहे, मला मात्र सर्वांत महत्त्वाची ओळ तीच वाटते. पाळी थांबलेल्या स्त्रीच्या शरीरातले लोह कमी होत असेल, तर ते कोठून जात आहे हे शोधलेच पाहिजे, आणि पहिला संशय अन्नमार्गातून नकळत झिरपणाऱ्या रक्तावर घ्यावा लागतो. लोहाच्या गोळ्यांनी आकडा वर येईल, पण गळती तशीच राहील. म्हणून आपल्या बाबतीत दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, आवश्यक आहे आणि ती याच आठवड्यात ठरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जठरात रक्तस्रावाचे समाधानकारक कारण सापडले नाही, तर पुढे मोठे आतडेही पाहावे लागेल.

सोनोग्राफी नॉर्मल आली यावर विसंबू नका. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडे यांच्यासाठी ती उत्तम तपासणी आहे. जठर मात्र पोकळ आणि हवेने भरलेले असते, त्यामुळे त्याच्या आतल्या अस्तरावरचा व्रण, म्हणजे अल्सर, तिच्यात सहसा दिसत नाही. जे अवयव त्या तपासणीत दिसतात ते ठीक आहेत, एवढाच त्या दोन अहवालांचा अर्थ आहे.

आपल्या दुखण्याची वेळ बोलकी आहे. जेवणानंतर दोन-तीन तासांनी किंवा मध्यरात्री दुखणे आणि काही खाल्ल्यावर थांबणे हे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या व्रणाचे जुने, ओळखीचे लक्षण आहे. जठरातला व्रण उलट खाल्ल्यावर अधिक दुखू शकतो. तरीही नुसत्या लक्षणांवरून निदान करणे धोक्याचे आहे, कारण जठराच्या कर्करोगाची सुरुवातही अशाच जळजळीने होऊ शकते आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या ती काही काळ झाकून ठेवतात. आधी पाहणे आणि मग दाबणे हा क्रम आपल्या बाबतीत दोन वर्षे उलटा चालला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘टेन्शन’ या शब्दाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो ऐकून रुग्ण स्वतःलाच दोष देत बसतात. मानसिक ताण आणि तिखट खाणे यांमुळे अल्सर होतो, अशी वैद्यकाचीही एके काळी पक्की समजूत होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन यांना रुग्णांच्या जठराच्या तुकड्यांत वळणदार जिवाणू, म्हणजेच एच. पायलोरी, दिसत होते. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या बॅरी मार्शल यांना १९८२ मध्ये, ईस्टरच्या सुट्टीमुळे नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवलेल्या बशीत, ते वाढवता आले. या जिवाणूमुळे आजार होतो या त्यांच्या म्हणण्यावर फारसा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जिवाणू स्वतः प्यायले, त्यांच्या जठराला सूज आली आणि तपासणीत तेच जिवाणू सापडले. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्याला माहीत आहे की बहुतेक अल्सर या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. आपल्याकडे दुसरे कारण तर निश्चित हजर आहे आणि पहिले असण्याची शक्यता आहे.

‘शक्यता’ म्हणण्याचे कारण असे, की रक्तातील अँटिबॉडी जिवाणू गेल्यावरही दीर्घकाळ राहतात, त्यामुळे संसर्ग आज आहे की पूर्वी होता हे त्यांवरून कळत नाही. दुर्बिणीतून घेतलेला तुकडा, श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातील अँटिजेन चाचणी यांवरून ते कळते. पँटोप्रॅझोलसारखी गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे बंद नसतील, तर या चाचण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. तथापि आपले रक्त कमी असल्याने त्यासाठी दुर्बीण दोन आठवडे लांबवू नये. गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ते जठराच्या एकाहून अधिक भागांतून तुकडे घेतील, आणि निष्कर्ष निगेटिव्ह आला तर पुढे पुन्हा खात्री करता येईल.

तपासणीची भीती बाळगू नका. सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते, घसा बधिर करणारा फवारा मारतात, आणि पाच-दहा मिनिटांत काम होते. व्रण जठरात असेल तर त्याच्या कडेचे तुकडे तपासणे आणि आठ ते बारा आठवड्यांनी तो भरला का हे पुन्हा पाहणे टाळू नये.

जिवाणू सापडला तर सहसा चौदा दिवस तीन-चार औषधे एकत्र घ्यावी लागतात. तोंडाला धातूसारखी चव येते, त्यांतल्या बिस्मथ या औषधाने जीभ आणि शौच काळी होते. तरी कोर्स अर्धवट सोडू नये, कारण उरलेले जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून जिवाणू गेल्याची खात्री करावी. ही शेवटची पायरी फार जण गाळतात.

डायक्लोफेनॅक आजच बंद करा. ही गोळी जेवणानंतर घेतली, किंवा तिच्याऐवजी इंजेक्शन घेतले, तरी धोका टळत नाही, कारण जठराचे रक्षण करणारे द्रव्य ती रक्तातूनच कमी करते. गुडघ्यांसाठी तूर्त पॅरासिटामॉल ठरल्या मात्रेत घ्या आणि व्यायामाविषयी अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा. पोहे-जिलबीने अल्सर होत नाही. ज्या पदार्थाने खरोखर जळजळ वाढते तेवढाच टाळावा. दुधाने क्षणभर बरे वाटते, पण नंतर आम्ल वाढते.

लोहानेही शौच काळसर होते, म्हणून फरक लक्षात ठेवा : डांबरासारखी चिकट, चकचकीत, उग्र वासाची शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, घेरी, किंवा अचानक सुरी खुपसल्यासारखी कळ येऊन पोट ताठ होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता एम. वाय. हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझे वय ६३, राहणार सुदामा नगर, इंदूर. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला असून ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू आहे. पूर्वी अल्सर होता, म्हणून शेजारी ॲस्पिरिन सोडायला सांगतात.

उत्तर : काका, स्वतःहून मुळीच सोडू नका, स्टेंट बंद पडण्याचा धोका त्यात आहे. हृदयरोगतज्ज्ञांना अल्सरचा इतिहास सांगा, ॲस्पिरिनसोबत जठराचे रक्षण करणारी गोळी सुरू करून घ्या आणि एच. पायलोरीची चाचणी करा. क्लोपिडोग्रेल हे रक्ताची गुठळी टाळणारे औषधही चालू असेल, तर ओमेप्रॅझोल आणि इसोमेप्रॅझोल टाळून पँटोप्रॅझोल घेणे योग्य ठरते. ही गोळी सकाळी खाण्याआधी अर्धा तास घ्यावी.